वरचा आकडा

प्रिय पंपू,

फुस्स-खट, फुस्स-खट. आपल्या दुकानातल्या उभ्या पंपाचा तो आवाज तुला आठवतो का? दांडा वर ओढताना एक लांब उसासा आणि खाली दाबला की तळाशी एक ठोका. तू चार-पाच वर्षांची असशील. दांडा वर गेला की तू त्याला लोंबकळायचीस आणि तुझ्या इवल्याशा वजनानं तो हळूहळू खाली येत तुला अलगद जमिनीवर उतरवून द्यायचा. गिऱ्हाईक स्वतःची सायकल विसरून तुझ्याकडे बघत उभं राहायचं. पंपू हे नाव तुला तिथंच चिकटलं. आता बस डेपोतली शंभर माणसं तुला मॅडम म्हणत असतील, पण माझ्या तोंडून अजून तेच निघतं. दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानात कुठं दडून बसला होता कोण जाणे. दवाखान्यात सिस्टरनं पहिल्यांदा माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि हातातला रबरी फुगा दाबायला लागली, तेव्हा तो एकदम परत आला. फुस्स, फुस्स. मी डोळे मिटले आणि क्षणभर मला रबराचा आणि तेलाचा वाससुद्धा आला. डोळे उघडले तर समोर भिंतीवर हृदयाचं चित्र, आणि सिस्टर कपाळाला आठ्या घालून म्हणत होती, "आजोबा, वरचा आकडा फार आहे हो."

तू म्हणशील, बाबा, एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन आहे की. फोनवर तू "एक मिनिट हं बाबा" म्हणतेस आणि मग मला पाच मिनिटं गाड्यांचे नंबर आणि चालकांची नावं ऐकू येतात. कोण आजारी, कोण रजेवर, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचं. मला ते आवडतं, खोटं नाही सांगत, पण त्यात माझं म्हणणं राहून जातं. कागद मध्येच दुसऱ्याशी बोलायला जात नाही. तेव्हा चहाचा कप बाजूला ठेव आणि हे सलग वाच.

आधी तुला माझ्या बाजूनं सगळी हकिगत सांगतो, कारण तुला ती शिंपीबुवांच्या बाजूनं कळलेली आहे. खाली आपल्या जुन्या दुकानात बसून ते दिवसभर मशीन चालवतात, पण कान त्यांचे कायम छताला. त्या दिवशी सकाळी मी खुर्चीतून उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बेसिनपाशी खाली बसलो. पडलो नाही, बसलो. जरा जोरात बसलो एवढंच. त्यांनी खाली धप्प आवाज ऐकला आणि मला उठवायला येण्याआधी तुला फोन लावला. त्यावरून मी त्यांच्याशी आठवडाभर बोलायचं नाही असं ठरवलं. वरच्या आकड्यापायी माझ्या गोळ्या दोनदा वाढवल्या होत्या, आणि त्या वाढीव गोळ्यांनी मला उठताना घेरी येत होती, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तू मात्र दुसऱ्याच दिवशी हजर झालीस, कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि निकाल देऊन टाकलास: महिनाअखेरपर्यंत आकडा खाली आला नाही तर ही जागा बंद, बाबा आमच्याकडे. तुझी आईही अशीच कमरेवर हात ठेवून निकाल द्यायची, त्यावर अपील नसायचं.

पंपू, तुझ्याकडे यायला मला काय दुःख होतं का? पण या दोन खोल्यांतून मला खालचा रस्ता दिसतो. चढाला लागलेला सायकलवाला सीटवरून उठला की त्याची साखळी सैल आहे की घट्ट ते मला इथून कळतं. कपाटात माझी शाळेची कवितांची पुस्तकं आहेत, पुठ्ठे गेलेली, पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलेली. इथं मी सकाळी मोठ्यानं कविता म्हणतो आणि कोणी म्हणत नाही की बाबा, जरा हळू. म्हातारपणी माणसाला स्वतःच्या आवाजाएवढी जागा लागते. म्हणून मी ठरवलं, हा वरचा आकडा आहे तरी कोण, जरा ओळख करून घेऊ. ज्याच्यामुळे आपल्याला घराबाहेर काढतात, त्याला निदान नीट बघून तरी घ्यावं.

जायच्या आदल्या दिवशी तू मला ते घरी मोजायचं यंत्र घेऊन दिलंस, बटण दाबलं की आपलं आपण फुगणारं. त्या रात्री आपण त्याच्याशी खेळलो. तू माझ्या दंडाला बांधलंस, मग मी हट्टानं तुझ्या दंडाला बांधलं. आकडा बघून तू हसलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या यंत्राला पंक्चर आहे." मीही हसलो. पण पंक्चर म्हटल्यावर सायकलवाल्याला झोप कशी लागणार? तू गेलीस त्याच दुपारी मी त्या पट्ट्याची रबरी नळी यंत्रातून काढली, बादलीत पाणी घेतलं, पट्टा नळीसकट बुडवला, नळीच्या मोकळ्या टोकानं फुंकलं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसलो. तासभर बसलो असेन. एकही बुडबुडा नाही. मग पट्टा दोरीवर वाळत घातला. शिंपीबुवा खालून ओरडले, "काका, कसलं धुणं काढलंय हे?" न बोलण्याचा आठवडा तिथंच संपला.

पण बुडबुडा न आल्यानं काही ठरत नव्हतं. म्हणून यंत्र पिशवीत घालून दवाखान्यात गेलो. सिस्टरला बादलीची गोष्ट सांगितली तर ती खुर्चीत बसून हसली आणि मग रागावली. "आजोबा, हे पाण्यात घालायचं असतं का? नशीब, पेटी नाही बुडवलीत." तरी भली बाई. आधी तिच्या यंत्रानं आणि मग, जरा थांबून, माझ्या यंत्रानं असं एकाच हातावर आळीपाळीनं मोजू या म्हणाली. तिनं पट्टा बांधला, फुगा दाबायला लागली आणि एकदम थांबली. "तुमचे ओठ का हलताहेत?" मी म्हटलं, कविता म्हणतोय. "कुठली?" चौथीतली. "रोज म्हणता? म्हणजे मी मोजत असताना?" म्हटलं, दर वेळी. भीती वाटू नये म्हणून. तिनं फुगा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की चौथीतल्या गुरुजींनीही कधी बघितलं नसेल. "म्हणजे चौथीतल्या कवितेपायी तुम्ही गोळ्या वाढवून घेतल्यात?"

तुला हे ऐकून हसू येईल, कारण ही खोड आपल्या घराचीच. भीती वाटली की कविता. सुई टोचायची असो, जिन्यातला दिवा गेलेला असो, निकालाचा दिवस असो, मी मनातल्या मनात, म्हणजे मला मनातल्या मनात वाटतं पण प्रत्यक्षात ओठांनी, पहिल्या कडव्यापासून सुरू करतो. तुलाही मीच ती लावली. दाढ काढताना तुझ्या तोंडात चिमटा होता तरी तू दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचली होतीस, दाताच्या डॉक्टरांना वाटलं पोरगी शिव्या देते आहे. आता कळलं की मोजताना बोललं की वरचा आकडा चांगलाच चढतो. नुसतं गप्प राहूनही भागत नाही. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आधी पाच मिनिटं शांत, नुकताच जिना चढलेला नको, चहा प्यालेला नको. मी दोन जिने चढून, बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन, पायावर पाय टाकून, ताल धरून कविता म्हणत होतो. फक्त नाचायचा राहिलो होतो.

मग सिस्टरनं मला पाच मिनिटं तोंड मिटून बसवलं. पंपू, चौथीनंतर इतका वेळ मी पहिल्यांदाच गप्प बसलो असेन. आकडा आला तो आधीपेक्षा बराच खाली होता. आत जाऊन मी डॉक्टरीणबाईंकडे असं बघितलं, की आता पेढे मागेन. त्या तुझ्याहून लहान दिसतात, पण खुश होऊ देत नाहीत. म्हणाल्या, "उतरलाय, पण चांगला म्हणण्याइतका नाही. कवितेनं थोडी भर घातली होती, उरलेला खराच आहे." उभं करून परत मोजलं, आणि माझी घेरी कुठून येते ते त्यांच्या लक्षात आलं. गोळ्या कमी केल्या, बंद नाही केल्या. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, म्हणाल्या, दवाखान्यात आलेल्या माणसाचा आकडा थोडा घाबरलेला असतो.

मी त्यांना शाळेतल्यासारखे प्रश्न विचारले. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी त्या सांगत राहिल्या. हृदय आवळतं तेव्हा रक्त नळ्यांमध्ये जोरानं लोटलं जातं, त्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा. सिस्टोलिक म्हणतात त्याला, शब्द मोठा झोकदार आहे, मी दोन-तीनदा म्हणून बघितला. हृदय सैल होतं तेव्हा उरतो तो खालचा. आणि माझ्या वयात वरचाच का चढतो, तर नळ्यांची लवचीकता जाते म्हणून. हे मला लगेच पटलं. नवी ट्यूब असली की प्रत्येक झटक्याला ती थोडी फुगून धक्का पोटात घेते. जुनं, कडक झालेलं रबर काही पोटात घेत नाही, सगळा धक्का जसाच्या तसा पुढे. पण जिथं मी माझी हुशारी दाखवायला गेलो तिथंच आपटलो. मी म्हटलं, बाई, मी चाळीस वर्षं अंगठ्यानं दाबून हवा सांगितली आहे, दाब चढला तर मला कळेल. त्यांनी माझा अंगठा हातात घेतला आणि म्हणाल्या, "काका, हाच तर घोटाळा आहे. हा दाब कळत नाही. डोकं दुखेलच असं नाही, घाम येईलच असं नाही. माणूस कामाला जातो, हसतो, भांडतो, आणि आतल्या आत नळ्या झिजत असतात. मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही." मी तिथं बसलो होतो तेव्हा मला अगदी ठणठणीत वाटत होतं. सगळ्यात वाईट आकड्याच्या दिवशीही ठणठणीतच वाटत होतं.

उठता उठता मी एक मागणी केली. म्हटलं, ते कानाचं यंत्र मला एकदा लावू द्या. सिस्टर म्हणाली, आता हे काय नवीन, पण डॉक्टरीणबाईंनी ते काढून माझ्या कानांत घातलं आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर ठेवलं. काय सांगू तुला. पहिला ठोका जरा लांब आणि घुमणारा, दुसरा आखूड, आणि मग थोडी उसंत. गुरू, लघु, यती. गुरू, लघु, यती. जन्मभर दुसऱ्यांच्या कवितांच्या मात्रा मोजल्या आणि ही एक ओळ आत चालू होती ती कधी ऐकलीच नाही. मी विचारलं, मध्ये थांबतं तेव्हा काय करतं ते? त्या म्हणाल्या, तेव्हा ते परत भरतं, आणि हृदयाला स्वतःला जे रक्त मिळतं तेही जास्त करून त्याच वेळी. पंपू, सगळ्यांना वाढून झाल्यावर ते यतीत जेवतं. मला तुझी आई आठवली.

तिच्या जाण्याबद्दल बोलू नये असं नाही, पण आपण बोलत नाही. ती काउंटरवर घंट्या पुसत बसायची, डाव्या हाताची दोन बोटं कपाळाच्या कडेला दाबून. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही, तुमच्या सोल्यूशनच्या वासानं डोकं चढतं." मी डबीला झाकण लावायचो आणि दोघंही समाधानी. ती गेली त्या दुपारी तिच्या मांडीवर पुसायचं फडकं तसंच होतं. जे डॉक्टर आले ते म्हणाले, रक्तदाब असणार. असणार. तो शब्द मला इतकी वर्षं कधी खुपला नव्हता, या महिन्यात खुपला. तिच्या दंडाला कोणी कधी पट्टाच बांधला नव्हता, तेव्हा आपल्यासारख्या घरांत असलं काही करायची रीतच नव्हती. जो आकडा कोणी विचारलाच नाही, त्याबद्दल असणार यापलीकडे कोण काय सांगणार?

असो. माझा आठवडा झाला. रोज सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि परत संध्याकाळी, पाठ टेकून, तोंड मिटून. पहिल्या दिवशी ओठ बांधून ठेवावेत असं वाटलं, चौथ्या दिवशी गप्प बसणंही एक कविता आहे असं वाटायला लागलं, पण ते राहू दे, नाहीतर तू म्हणशील बाबा सुरू झाले. मीठ हात आखडून घालतो. तो तुझा आवडता खारवलेल्या दाण्यांचा डबा शिंपीबुवांना देऊन टाकला, आणि मग त्यांनाही पट्टा बांधून बघितल्यावर परत काढून घेतला. संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत चालतो. काल सगळे आकडे डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. त्या म्हणाल्या, छान, गोळी चालू ठेवा, घेरी थांबली असेल तर एकटं राहायला माझी काही हरकत नाही. हेच ऐकायला मी महिनाभर धडपडत होतो. तुझ्या निकालाप्रमाणे मी जिंकलो, पंपू. जागा माझी, रस्ता माझा, सकाळची मोठ्यानं म्हटलेली कविता माझी.

आणि तरी मी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. हे पत्र त्यासाठी. सिस्टरनं त्या दिवशी दोन्ही यंत्रं ताडून बघितली, त्यांच्यात दोन-तीनचा फरक निघाला, एवढा चालतो म्हणाली. पुढची ओळ बोट ठेवून दोनदा वाच. यंत्राला पंक्चर नाही. त्या रात्री तुझ्या दंडावर वरचा आकडा एकशे अडुसष्ट आला होता. मी स्वतःची समजूत घातली, जिना चढून आली आहे, डेपोचा फोन चालू होता, बोलत होती. म्हणून तर सकाळी, तू नुसती उठून भिंतीला टेकून बसली होतीस, चहा झाला नव्हता, फोन आला नव्हता, तेव्हा पंक्चर बघू या म्हणून मी परत बांधलं. एकशे चौसष्ट. तू हसून पट्टा सोडलास आणि फोन घेतलास, आणि बोलता बोलता तुझी डावी दोन बोटं कपाळाच्या कडेला गेली. मी तेव्हापासून यंत्र चुकीचं ठरवायची खटपट करत होतो, बादलीपासून सिस्टरपर्यंत, आणि ते चुकीचं निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन मोजण्यांवरून काही ठरवायचं नाही, पण नीट मोजून घ्यायचं आणि उद्यावर टाकायचं नाही. माझ्या नळ्या जुन्या आहेत, तू सत्तेचाळीस वर्षांची आहेस. तुला फोनवर सांगितलं तर "एक मिनिट हं बाबा" म्हणशील आणि ते मिनिट वर्षभर चालेल. जावईबापूंना यातलं काही सांगू नका म्हणशील, तेही मला माहीत आहे. म्हणून मीच येतो, यंत्र घेऊन. जागेला कुलूप लावतो, किल्ली शिंपीबुवांकडे देतो. रोज सकाळी डेपोला निघायच्या आधी पाच मिनिटं माझ्यासमोर बसायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला, फोन दुसऱ्या खोलीत. आणि तिकडच्या डॉक्टरांकडे आपण दोघं जायचं. भीती वाटली तर कविता आधी म्हणून घे, किंवा नंतर. मध्ये नाही. तुझ्या आईच्या बाबतीत असणार म्हणून थांबलो, तुझ्या बाबतीत मला असणार नको, आहे किंवा नाही तेवढं पाहिजे.

गप्प बसायला शिकलेला, तुझाच,
बाबा

ता. क. पाकिटाला गोंद लावत होतो तेवढ्यात दार वाजलं. शिंपीबुवा असतील म्हणून बसल्या जागेवरूनच या म्हटलं, कोणी आत आलं नाही. उठलो, सावकाश, आता घेरी येत नाही. दाराच्या फटीतून बघितलं तर बाहेर जावईबापू उभे. तुझ्याशिवाय ते कधीही आलेले नाहीत, आणि फोनवर कसे आहात, बरे आहात याच्या पुढे त्यांचं गाडं जात नाही. हातात सामान नाही, नुसती टोपी, ती दोन्ही हातांनी पिळत आहेत. म्हणाले, "बाबा, आत येऊ का? मी आलोय ते तिला माहीत नाही. तिच्या तब्येतीचं तुमच्याशी बोलायचंय." इतकं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना "एक मिनिट हं" म्हटलं आणि एवढं लिहिलं. पत्र आता टपालात टाकत नाही, हातातच आणून देतो. दार उघडतो.